चॉकलेटी सीटा

मामाजींच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर निळी होती. फार नाही. बादलीभर पाण्यात शाईचा एक थेंब पडून विरला की पाणी जेवढं निळं दिसेल, तेवढीच. सकाळी ओसरीवर चहा देताना उन्हात ती मला पहिल्यांदा दिसली. मग मी दोरीकडे पाहिलं. तिथे वाळत घातलेले त्यांचे बाकीचे शर्टही तसेच होते. मधोमध माझ्या नवऱ्याचा, भागवतचा शर्ट होता, तो मात्र पांढराच होता.

“आत्याबाई, नीळ जास्त होते का?” मी सासूबाईंना विचारलं.

“त्याहिले शर्ट पिवळे दिसतात,” शालूबाई म्हणाल्या. “रोज एकच गाणं. पिवळं राह्यलं, नीळ घाल. मंग घालावं लागते.”

मी तो धुण्याचा प्रश्न समजून कॉलेजला गेले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, हे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. यातला ‘माजी’ हा शब्द सुलतानपुरात कोणी उच्चारत नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार-सहा मंडळी जमतात, ती आजही “चेअरमनसाहेब” म्हणूनच सुरुवात करतात आणि चहा येईपर्यंत दुसरं काही बोलत नाहीत. साहेबांच्या वैभवाची एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे फियाट. त्या फियाटमध्ये एकदा आमदार बसले होते. कोणते आमदार, ते दर वेळी बदलतं.

गाडीची पुढची अखंड सीट पार बसली होती. एक स्प्रिंग रेक्झिनमधून वर आली होती आणि ती पाहुण्यांचं धोतर धरून ठेवायची. पाहुणे उतरायला वेळ लावतात ते आपल्यावरच्या प्रेमापोटी, असा मामाजींचा समज होता. शेवटी तिनं त्यांचंच धोतर फाडलं, तेव्हा नव्या सीटा टाकायचं ठरलं.

सीटा भंगारातून आणल्या. एका मोठ्या जीपच्या, डोक्यामागे उशी असलेल्या. ती जीप समृद्धी महामार्गावर उलटली होती. एवढी गाडी चेपली पण सीटांना ओरखडा नाही, हे मामाजींनी ओट्यावर सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. माणसांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

“आराम नव्या गाडीचा पाह्यजे,” मामाजी म्हणाले, “पन आतून फियाट जशी होती तशीच दिसली पाह्यजे. दरवाजा चॉकलेटी, तर सीट चॉकलेटी. जुळे भाऊ दिसले पाह्यजेत.”

मेहकरला जानराव कुशनवाल्याकडे मामाजी, भागवत आणि मी असे तिघं गेलो. मला नेलं ते मी सायन्सवाली म्हणून, फोम कोणता चांगला ते सांगायला. फोमबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. जानरावनं दरवाजाच्या आतली पट्टी सोडवून टेबलावर ठेवली आणि नमुन्यांचं पुस्तक उघडलं. त्यात चॉकलेटी रंगाच्या बऱ्याच छटा होत्या. मामाजी त्या एकेक करून उलटत गेले.

“हा काळा हाये. हा बी काळाच. हे काय जानराव, सगळं काळंच भरून ठेवलं का बे?”

मग त्यांचं बोट थांबलं. “हा पाय! हाच.”

तो वांगी रंग होता. भरताच्या वांग्याला असतो तसा, चकचकीत.

“मामाजी, हा जांभळा आहे,” मी म्हणाले.

“कोनता?”

“तुमच्या बोटाखाली आहे तो.”

मामाजींनी नमुना दरवाजाच्या पट्टीवर ठेवला, मान तिरपी करून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. “जानराव, आमच्या सूनबाई कॉलेजात फिजिक्स शिकवतात. पोरं काऊन नापास होतात ते आज समजलं!”

जानराव हसला. भागवतही हसला. भागवतचं कृषी केंद्र आहे. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं तो चष्म्याशिवाय वाचतो. त्यानं रेक्झिनकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, “जरासा गडद वाटते बाबा. पन बसते.”

“बसते म्हंजे? असा जोड सापडत नाई साहेब,” जानराव म्हणाला. “अशी नजर आता राह्यली नाई कोनाची.” आणि बोलता बोलताच त्यानं रेक्झिनचा तागा उलगडून कात्री चालवली. नंतर कोणाला शुद्ध आली, तरी उपयोग होऊ नये, इतक्या झपाट्यानं.

कापताना पडलेला एक तुकडा मी पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मुलं यायच्या आधी मी तो टेबलावर ठेवला. शेजारीच रसायनशास्त्रवाल्यांची एक तपकिरी काचेची रिकामी बाटली धुवून ठेवलेली होती. ती डोळ्यापुढे धरून मी तुकड्याकडे पाहिलं. तुकडा चॉकलेटी झाला. अगदी दरवाजाच्या पट्टीसारखा. भिंतीचा पांढरा चुना पिवळा दिसत होता.

मोतीबिंदू होताना डोळ्यातलं भिंग आधी पिवळं होतं, मग तपकिरी. निळा प्रकाश त्यातून आत जात नाही. जांभळ्यातला निळा गेला की लालसर तपकिरी उरतं, आणि पांढऱ्यातला निळा गेला की पिवळं. मग माणूस शर्टाला नीळ घालायला सांगतो. एवढी साधी गोष्ट.

बाटली तशीच धरून मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता दिसला, पत्र्याचं शेड दिसलं. कडुलिंबाखालच्या सावलीत नुसता अंधार होता. बाटली खाली घेतली, तेव्हा त्या सावलीत गडद निळ्या गणवेशातल्या मुली उभ्या होत्या.

निशिगंधाच्या, माझ्या मुलीच्या शाळेचा गणवेश गडद निळा आहे. आणि तिला शाळेतून आणायला रोज फियाट जाते.

संध्याकाळी मी बाटली आणि तुकडा भागवतच्या हातात दिला. तो बराच वेळ पाहत राहिला. बाटली डोळ्याला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा.

“सेम टू सेम!” तो म्हणाला. “म्हंजे बाबा चुकले नाईत.”

“भागवत, त्यांना दिसत नाही.”

“दिसते ना. फक्त चॉकलेटी दिसते.”

“आणि ते आपल्या मुलीला गाडीतून आणतात.”

त्यानं बाटली आणि तुकडा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, “पेरनी होऊ दे. मंग बोलतो.”

मामाजींना मोतीबिंदू आहे हे खरं तर घरात कोणाला नवीन नव्हतं. नेत्रतपासणीच्या एका शिबिरात डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. त्या शिबिराचं उद्घाटन करायला मामाजी गेले होते, म्हणून त्यांना पहिला नंबर मिळाला. “मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसतात,” असं त्यांनीच डॉक्टरांना समजावून सांगितलं. पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज नसते, हे मी जेवताना एकदा म्हटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, “तुमचं कॉलेज डोळ्याचं बी हाये का?” पुढच्या वर्षी पिकेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि घरानं मान डोलावली.

सीटा बसवून गाडी आली, त्या दिवशी ओट्यावर गर्दी होती. मामाजींनी दार उघडलं. मळकट चॉकलेटी दरवाजे, मळकट चॉकलेटी छत आणि मध्ये दोन टपोरी वांगी. मग ज्याच्या पुतण्याला सोसायटीत चिकटवायचं होतं, तो म्हणाला, “साहेब, कंपनीतून निघाली तवा बी अशी नसन!” हे मात्र खरं होतं. दुसऱ्यानं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, “वळखूच येत नाई कोनतं जुनं, कोनतं नवं.” घरासमोरच्या बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांच्या आनंदानं भरून आलं असेल, असं मी समजले.

“निशी, तू सांग,” मामाजी म्हणाले. “लेकरू खोटं बोलत नाई.”

सहा वर्षांच्या निशिगंधानं सीटकडे पाहिलं, मग आजोबांकडे. पुढे बसायला मिळणार की नाही, हे या उत्तरावर अवलंबून आहे, हे तिला कळलं.

“आबा, एकदम मॅचिंग!” ती म्हणाली.

शालूबाई मागच्या सीटवर बसून पाहून आल्या आणि आत गेल्या.

पेरणी झाली. भागवत म्हणाला, पोळा होऊ दे. दरम्यान फियाट आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. खांब गवंड्यानं वाकडा बांधला होता, असं ठरलं. मग लोणार रस्त्यावर एका म्हशीला धक्का लागला. म्हैस काळी होती, ही तिची चूक ठरली. ओट्यावर त्या संध्याकाळी म्हशींच्या बेशिस्तीवर चर्चा झाली. मी निशीला शाळेतून रिक्षानं आणायला लागले. “रिक्षाच्या सीटा काय जास्त मऊ हायेत का?” मामाजींनी विचारलं. मी म्हटलं, रिक्षा माझ्या वाटेवर पडते. ते खोटं होतं. या घरातली भाषा मला जमू लागली होती.

पोळाही झाला. मग एका रविवारी मामाजींनी जाहीर केलं, की नव्या सीटांवर बसून देऊळगाव राजाच्या बालाजीला जायचं. तेही जुन्या रस्त्यानं नाही, समृद्धीवरून. निशी पुढे, शालूबाई मागे, आणि चालवणार चेअरमनसाहेब.

“भागवत, आता बोल,” मी स्वयंपाकघरात म्हणाले.

“दर्शन घेऊन येऊ दे. चांगल्या कामाले निघून राह्यले, आता कायले तोंड खराब करायचं?”

सकाळी ओट्यावरची मंडळी निरोप द्यायला हजर होती. बोनेटवर हळदीकुंकू झालं. निशी पुढच्या सीटवर चढली. ती इतकी खोल रुतली होती, की काचेतून फक्त तिची रिबीन दिसत होती. शालूबाई मागे बसल्या. भागवत माझ्या शेजारी पायरीवर नारळ घेऊन उभा होता. फाटकाजवळ त्याची मोटारसायकल होती आणि तिच्या हँडलवर त्याचा ओला रेनकोट वाळत टाकलेला होता.

मामाजींनी गाडी सुरू केली, थोडी पुढे घेतली आणि करकचून ब्रेक लावला. हॉर्न वाजवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून रेनकोटाकडे पाहत ओरडले, “भागवत, सरक ना बे बाजूले! नारळ काय फाटकात उभं राहून फोडतं काय?”

रेनकोट हलला नाही. मग पुतण्यावाला हसला. “साहेबाहिची मजाक!” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

“ऐकू येत नाई का रे?” मामाजींनी पुन्हा हॉर्न दिला.

भागवतनं नारळ माझ्या हातात दिला. तो धावत फाटकाशी गेला, मोटारसायकल रेनकोटासकट बाजूला ओढली आणि म्हणाला, “सरकलो, बाबा.”

मी नारळ पायरीवर ठेवला. गाडीपाशी गेले आणि पुढचं दार उघडलं.

“निशी, खाली उतर.”

“काऊन?” मामाजींनी विचारलं.

“मामाजी, तो भागवत नव्हता. ती मोटारसायकल होती. तुम्हाला दिसत नाही.”

मामाजींनी इंजिन बंद केलं. आधी ओट्याकडे पाहिलं. तिथली माणसं आपापल्या चपला शोधत होती. मग फाटकाकडे पाहिलं. “तसं नाई बाबा,” भागवत तिथून म्हणाला, “तिच्या म्हनन्याचा अर्थ असा की...” अर्थ काय, तो त्याला सापडला नाही.

“मले दिसत नाई?” मामाजी म्हणाले. आवाज चढलेला होता. “ज्या मानसानं दरवाजाले सीट जुळवली, त्याले दिसत नाई? सगळ्या गावानं पाह्यली.” ते मागे वळले. “शालू, तू सांग याहिले. कोन्या रंगाची हाये सीट?”

शालूबाईंनी मांडीवरची पूजेची पिशवी बाजूला ठेवली. दार उघडून त्या खाली उतरल्या. निशीला काखेत हात घालून वांग्यातून उचललं आणि जमिनीवर उभं केलं. मग खिडकीशी येऊन त्यांनी नवऱ्याच्या निळ्या कॉलरवर हात ठेवला.

“जांभळी हाये,” त्या म्हणाल्या. “पयल्या दिवसापासून जांभळी हाये. अन् तुमचे शर्ट निळे हायेत. मीच करून राह्यली, तुमी म्हनता म्हनून.” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली द्या. उद्यापासून शर्टाले नीळ बंद, अन् डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर गाडी बंद.”