वायपरचा दांडा आणि कलाबाईंचा हात

गाडीच्या पुढच्या काचेवर जो काळा लोखंडी दांडा आडवा पडलेला दिसतो, तो मी. माझ्या टोकाला रबराचं ब्लेड असतं, आणि पावसात काच पुसायचं श्रेय लोक त्यालाच देतात. ब्लेड झिजतं, बदलतं. मी गाडीबरोबर आलो आणि गाडीबरोबरच जाईन.

माझ्या बुडाशी एक जबर स्प्रिंग आहे. तिच्या जोरावर मी ब्लेड काचेवर दाबून धरतो. ब्लेड असेपर्यंत हा जोर कामाचा. ब्लेड निघालं, की माझं उघडं लोखंड आणि काच यांच्यामध्ये कुणीच उरत नाही. ही भीती मी जन्मापासून बाळगून आहे.

मी ड्रायव्हरच्या बाजूचा. माझा भाऊ डावीकडे. आम्ही उंद्रीच्या प्रेमानंदच्या दारात आलो, तेव्हा त्याच्या आईनं, कलाबाईंनी, आम्हाला हात लावून विचारलं होतं, "हे काय, गाडीच्या मिश्या का?"

प्रेमानंदला एक सवय होती. उन्हात गाडी लावली की तो आम्हा दोघांना काचेवरून उचलून उभं करायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात काच तव्यासारखी तापते आणि रबर तिला चिकटून करपतं. येणारेजाणारे चिडवायचे, "काय बे प्रेमानंद, गाडीनं हात काऊन वर केले?"

"शरण आली बाप्पा, उन्हाले," तो म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात प्रेमानंद गेला. त्याला दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. त्याची बायको दीपमाला चालवत होती. पाऊस नव्हता, मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

नंतर आम्हाला कुणी उभं केलं नाही. उन्हाळाभर रबर काचेवर भाजलं, त्याला चिरा पडल्या. श्रावणात दीपमाला सासूला घेऊन चिखलीहून परतत होती. वाटेत पाऊस लागला आणि मी काच पुसण्याऐवजी तिच्यावर पाणी सारवत सुटलो. समोरचं काही दिसेना. दीपमालानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पाऊस थांबेपर्यंत दोघी आतच बसून होत्या.

घरी आल्यावर कलाबाई म्हणाल्या, "सारिकाले मी या गाडीत आणत नाही. जीप सांगतो."

सारिका त्यांची मुलगी, डोणगावला दिलेली. पहिलटकरीण, सातवा लागला होता. बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं होतं. 'तुले घरच्या गाडीत आणीन,' असं प्रेमानंद तिला कबूल करून बसला होता. दीपमालाला तो शब्द मोडायचा नव्हता. ती सासूशी वाद घालत बसली नाही. नवी ब्लेडं घेऊन आली.

शनिवारी दुपारी तिनं अंगणात बॉनेटवर मोबाईल टेकवला आणि ब्लेड कसं बदलायचं याचा व्हिडिओ लावला. कलाबाई पायरीवर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत होत्या.

"त्या मोबाईलातल्या पोराच्या भरोशावर गाडी खोलून राह्यली का?"

"आई, दोन ब्लेडं तर बदलायची हायेत."

"मंग जीपवाल्याले काय सांगू?"

"आधी पाहा तर."

कलाबाई शेंगांची टोपली घेऊन गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. दीपमालानं मला उभं केलं. ब्लेडची खिट्टी धुळीनं गच्च बसली होती. दीपमालानं ती दाबली, ओढलं, पुन्हा दाबून ओढलं. ब्लेड निघालं. प्रेमानंदनं बसवलेलं ते ब्लेड. ती ते हातात धरून उभी राहिली, जरा जास्तच वेळ. वळताना तिचं कोपर मला लागलं.

मी पडायला लागलो. एकदा पडायला लागलो की मला थांबता येत नाही. खाली काच होती.

मी आदळलो, पण आवाज काचेचा नव्हता. शेंगा बॉनेटवर उधळल्या होत्या आणि माझ्याखाली कलाबाईंचा हात होता.

"आई!"

"बोंबलू नको. काच पाह्य आधी."

"हात दाखवा तुमचा."

"हाताले काय, हळद लावली का होते बरा. काच फुटली असती तं उद्या सारिकाले कशात आणलं असतं?"

दीपमालानं घरातून हळद आणून त्यांच्या हाताला लावली. जीपचं नाव कलाबाईंनी काढलं नव्हतं.

मग काचेवर जाड टॉवेल अंथरला गेला. टक्‌ आवाज करून नवं ब्लेड माझ्या आकड्यात बसलं, मग भावाच्या. तुम्हीही घरी हे काम काढाल, तेव्हा काचेवर घडी घातलेला टॉवेल ठेवा, एवढी माझी विनंती आहे. प्रत्येक घरात कलाबाई नसतात. जुनी रबरं त्यांनीच मागून घेतली, कारल्याचा वेल बांधायला.

तपासणीला त्या स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. हळदीचा हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "टाक पाणी!" दीपमालानं आम्हाला चालू करून काचेवर बादलीभर पाणी फेकलं. बाजूची काच उघडी होती.

"अवो, काच धू म्हटलं, मले नाही!"

दीपमाला हसायला लागली, ती थांबेचना. मग कलाबाईही हसल्या. त्या घरातलं हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

हे सगळं कालचं. या घडीला आम्ही डोणगावहून परत निघालो आहोत. मेहकर मागे पडलं आणि पावसानं धरलं. दीपमालानं मला जोरात सोडलं आहे. आत्ताच एका ट्रकनं काचेवर चिखल उडवला. मी एकदा गेलो, एकदा आलो, आणि रस्ता जागेवर होता.

दीपमालाशेजारी सारिका बसली आहे. ती आत्ता म्हणाली, "वहिनी, आई काऊन चूप हाये?"

दीपमालानं आरशात पाहिलं. मागच्या सीटवर कलाबाईंची मान एका बाजूला कलली आहे, तोंड उघडं आहे आणि बारीक घरघर चालू आहे.

"घोरून राह्यली का वं?" सारिकानं मागे वळून पाहिलं.

"घोरू दे त्यायले," दीपमाला हळूच म्हणाली.

आता तुमची रजा घेतो. पाऊस वाढला आहे आणि उंद्री अजून लांब आहे.