गुरुजींच्या आत्मचरित्रातलं नववं प्रकरण

आमच्या लोहा गावातल्या मेडिकलच्या काउंटरमागं बसून मी आजवर किती पुस्तकं वाचली ते मला सांगता येणार नाही, पण आईला येईल. तिच्या मते तेवढ्या वेळात माझी तीन लग्नं होऊन गेली असती.

माझी मतं ठाम आहेत आणि ती मी न विचारता देते. कादंबरी चांगली की वाईट हे दुधावर ठरतं. गॅसवर दूध ठेवायचं आणि वाचायला बसायचं. दूध उतू गेलं तर कादंबरी चांगली. पहिल्याच पानावर सूर्यास्त असेल तर मी दुसरं पान उलटत नाही. नायक शहरातून गावाकडं येऊन पारावर विचार करत बसला की मला वाटतं, ह्याला कुणीतरी शेतात न्या रे, सोयाबीन काढायला माणसं मिळेनात. आणि जी बाई पंधरा पानं नुसती खिडकीतून बाहेर बघते, तिच्या घरी स्वयंपाक कोण करतं, हे एकाही लेखकानं मला अजून सांगितलेलं नाही.

आत्मचरित्रांचं तर बोलूच नका. मराठवाड्यात जेवढ्या नद्या नाहीत तेवढ्या आमच्याकडच्या आत्मचरित्रांत आहेत, आणि प्रत्येकीला नेमका लेखकाच्या शाळेच्या वेळेला पूर येतो. लेखक कधी चुकत नाही. चुकलाच तर भोळेपणानं चुकतो. त्याची बदली होते ती फक्त प्रामाणिकपणामुळे. कादंबरीवाला आधीच सांगून टाकतो की हे सगळं खोटं आहे, आणि मग बोलता बोलता खरं बोलून जातो. आत्मचरित्रवाल्याचं बरोबर उलटं.

ह्या मतांपायी माझ्या दोन सोयरिकी मोडल्या. पहिला मुलगा म्हणाला, "मी फक्त यशस्वी कसं व्हायचं, असलीच पुस्तकं वाचतो." मी म्हटलं, "मग अजून किती राहिलीत?" पाहुणे चहा न पिता उठले. दुसऱ्याचं सांगत नाही, त्याचे वडील बीपीची गोळी आमच्याच दुकानातून नेतात.

मग विनोदमामानं हरिओमचं स्थळ आणलं. मुलगा लातूरचा, कृषी खात्यात. महिनाभर आम्ही फोनवर बोललो, दोन्हीकडच्या परवानगीनं आणि परवानगीपेक्षा जरा जास्तच. हरिओम कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतो. असल्या माणसाशी एरवी मी ओळखसुद्धा ठेवली नसती. पण त्याचं म्हणणं असं, की शेवटी कोण जिवंत राहतं ते कळल्याशिवाय त्याला कुणाला जीव लावता येत नाही. हे ऐकून मी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी ओआरएसची पुडी दिली. मला हा मुलगा हवा होता. सरळ सांगते, फार हवा होता.

अडचण एकच होती. मुलाच्या बायोडाटापाठोपाठ मुलाच्या वडिलांचं आत्मचरित्र आलं.

किशनराव गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा सेवापूर्तीच्या कार्यक्रमात त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापून वाटलं होतं. नाव 'वादळातला खडू'. मुखपृष्ठावर गुरुजी, मागं वादळ. लोक पत्रिका जुळते का बघतात; ह्यांनी आत्मचरित्र पाठवलं होतं, आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'चि. सुकन्या, वाचून अभिप्राय कळवावा.'

आईनं ते वाचलं आणि खालीच बसली. "ह्या बारीला तोंड गप ठिव, बाई. पाहुणे इचारतील तेवढंच बोलायचं, अन् ते बी निम्मं."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तीन वाक्यं तयार करून दिली. ओघवती भाषा आहे. प्रेरणादायी आहे. नव्या पिढीनं आवर्जून वाचावं. "औषधासारखं घ्यायचं," अण्णा म्हणाले. "जेवल्यावर, पाण्याबरोबर. चावायचं न्हाई."

पुस्तक मी वाचलं. नदी होती. नदीला पूर होता. बदल्या तर इतक्या, की एसटीचं वेळापत्रक वाचतेय असं वाटावं. आठव्या प्रकरणापर्यंत गुरुजींनी सगळ्या अधिकाऱ्यांना सडेतोड उत्तरं दिली होती आणि माझं दूध एकदाही उतू गेलं नव्हतं.

नवव्या प्रकरणात गेलं. पातेलंही करपलं.

ते प्रकरण बिलोलीकडच्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या एका गावातलं होतं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी नागाबाई शाळेशेजारच्या एका खोलीत राहत. शेजारीण शांतम्मा, ती तेलुगू बोलणारी. दोघी पाण्यावरून भांडायच्या, एक मराठीत, दुसरी तेलुगूत. एकीच्या शिव्या दुसरीला कळायच्या नाहीत, त्यामुळं भांडण काही केल्या रंगेना, आणि शेवटी कंटाळून दोघींनी मैत्री केली. मग गुरुजींनी हौसेनं एक लोखंडी खुर्ची आणली आणि अंगणात ऐटीत बसले. जमीन ओली होती. मागचे पाय रुतत चालले, गुरुजी आभाळाकडं कलत चालले, पण सगळी आळी बघत होती म्हणून ते उठले नाहीत. 'सासुरवाडीला चहात माशी निघालेल्या जावयासारखं माझं तोंड झालं होतं,' असं तिथं लिहिलं होतं. रात्री गुरुजी घोरायला लागले की शांतम्माचा कोंबडा उजाडलं समजून आरवायचा. मी इतकी हसले, की अण्णा दुकानातून पळत आले.

रविवारी पाहुणे आले. गुरुजी, नागाबाई, हरिओम आणि मामा. हरिओम फोटोपेक्षा सावळा होता, त्यामुळं अजूनच बरा दिसत होता. मी पोहे दिले, सगळ्यांच्या पाया पडले आणि आईनं दाखवलेल्या सतरंजीवर बसले.

गुरुजींनी चष्मा पुसला. "पुस्तक पोचलं का, सुकन्या?"

"हो. ओघवती भाषा आहे. प्रेरणादायी आहे. नव्या पिढीनं आवर्जून वाचावं."

अण्णांनी श्वास सोडला. गुरुजी फुलून आले. इथं ते थांबले असते तर माझं लग्न अगदी साधेपणानं जुळलं असतं.

"कोणतं प्रकरण विशेष आवडलं?"

"नववं," मी म्हटलं. हे खरंच होतं, त्यामुळं तोंड आपोआप सुटलं. "नववं तर काय! ती खुर्ची, तो कोंबडा! अख्ख्या पुस्तकात तेवढंच..." आईनं मागून चिमटा काढला. "म्हणजे, तेही."

"सगळ्यांना तेच आवडतं," गुरुजी म्हणाले. "लातूरला दोन कार्यक्रमांत वाचून दाखवलं मी. लोक पोट धरून हसले. त्या प्रकरणात माझी लेखणी विशेष खुलली आहे."

आता मी गप्प बसायला हवं होतं. समोर हरिओम बसला होता, माझ्याकडं बघून हसत होता, आणि माझं सगळं सुख त्या खोलीत चार हातांवर होतं. पण वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकदा शंका आली, की ती चपलेतल्या खड्यासारखी छळते.

"पण गुरुजी," मी म्हटलं, "ते तुम्ही लिहिलेलं नाही ना?"

मामाचा चमचा पोह्यात राहिला.

"काय म्हणालीस?"

"खुर्ची रुतताना तुमचं तोंड कसं झालं ते तुम्हाला कसं दिसलं? ते समोरून बघणाऱ्यालाच दिसणार. आणि घोरणारा माणूस झोपलेला असतो! कोंबडा आरवला हे त्याला कुठून कळणार? जागं होतं त्यालाच कळणार ना? बाकी सगळ्या पुस्तकात तुम्ही लोकांकडं बघता. ह्या एका प्रकरणात कुणीतरी तुमच्याकडं बघतंय. आणि कसं बघतंय! चिडून बघतंय, हसून बघतंय, आणि फार माया लावून बघतंय."

बोलून झालं आणि मग मला मी ऐकू आले. आईनं डोळे मिटले होते. अण्णा पंख्याकडं बघत होते. संपलं, मला वाटलं, तिसरीही गेली. आधीच्या दोन गेल्या तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं; आज मात्र मला हरिओमकडं बघवेना.

गुरुजी लालबुंद झाले होते. "मी सांगितलंय ते. त्या प्रकरणाच्या वेळी डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं माझं, पट्टी होती. मी सांगत होतो आणि ही लिहून घेत होती. विचारा हिला."

सगळ्यांनी नागाबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडतायत. पदर बाजूला झाला तेव्हा कळलं, बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

"सांगून राहिले होते, हाव," त्या म्हणाल्या. "बिलोलीला बदली झाली, एवढं सांगितलं अन् ह्यायला डोळा लागला. उठवलं तर म्हणले, लिही, लिही. अन् परत घोराय लागले. पेन हातात होता. मी म्हणलं, लिही म्हणलेत तर लिहावं."

"मग मला वाचून का नाही दाखवलं?"

"दाखवलं की. तुम्ही म्हणलाव, वा, काय सांगितलंय मी!"

पहिल्यांदा हरिओमला हसू फुटलं. तो तोंडावर हात दाबत होता, पण ते बोटांच्या फटींतून बाहेर पडत होतं. मग मामा. मग, देवाची शपथ, माझी आई. गुरुजी मात्र उठले आणि ओसरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि खोलीतलं हसू एकेकाचं बंद पडलं.

नागाबाई उठल्या. मला वाटलं, आता निघा म्हणणार. त्यांनी आईपुढचा कुंकवाचा करंडा उचलला, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्या कपाळावर भलं मोठं कुंकू लावलं.

"पोरगी मला पसंत हाय," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकायनी ते वाचलं, माय. घोरणाऱ्याच्या बाजूला कुणीतरी जागं असतंय, हे तुलाच तेवढं सुचलं."

ओसरीतून आवाज आला, "मला न विचारता?"

"इचारलं असतं, पण तुमचा काय भरवसा? इचारेस्तोवर घोराय लागताव."

आता ओसरीतली पाठसुद्धा हलली. गुरुजी आत आले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता ते मी सांगू शकते, कारण मी समोर होते: रागावून राहायचं ठरवलेल्या, पण ते जमेना झालेल्या माणसाचा. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

"वाच," ते म्हणाले. "नववं. मोठ्यानं. मी आजवर ते माझं म्हणून वाचलं. एकदा हिचं म्हणून ऐकतो."

मी वाचलं. भांडण आलं तेव्हा आई हसली. खुर्ची रुतायला लागली आणि गुरुजी इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिले. हरिओम माझ्याकडं बघत होता. एका शब्दावर मी दोनदा अडखळले. प्रकरण संपलं, मी पुस्तक मिटलं.

गुरुजी नागाबाईंकडं वळले. चारचौघांत त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती, हे मला हरिओमनं नंतर सांगितलं.

"नागा," ते म्हणाले, "पुढं काय झालं?"

आम्ही सगळे हसलो, कारण पुढं जे काही झालं तेव्हा गुरुजी तिथंच होते. नागाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला, मांडी घातली आणि सांगायला लागल्या.