आईच्या हातची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरी सतरंजी आहे. सर्बियाच्या दक्षिणेकडच्या एका डोंगराळ गावात स्तामेना नावाच्या विणकरणीने मला उभ्या मागावर विणले. लोकर तिच्याच मेंढ्यांची, तपकिरी रंग अक्रोडाच्या सालींचा. मी मागावरून उतरले आणि त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. तिची मुलगी रोसांदा तेव्हा चार वर्षांची होती. आईचा एकही फोटो नव्हता. आईच्या हातचे म्हणून जगात उरले ते एवढेच, मी.

पुढे घरातल्या मोठ्यांनी मला शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाकले. रोसांदा मोठी झाली, बेकरीत कामाला लागली आणि दर गुरुवारी मला भेटायला येऊ लागली. पहारेकरी ल्युबिसाव तिला चिडवायचा, "आलात का माहेरी? आज काय आणलंत?"

चीज भरलेली गरम बुरेक त्याच्या हातावर ठेवून ती म्हणायची, "खा मुकाट्यानं. आणि आम्हा दोघींच्या मधे उभा राहू नकोस!"

मग समोरच्या बाकावर ती अर्धा तास बसायची. शाळेची मुले माझी नक्षी वहीत उतरवून घ्यायची. मला फार अभिमान वाटायचा.

रोसांदाचे केस पांढरे झाले, आणि एके वर्षी संग्रहालयाचे छप्पर गळू लागले. इमारत दुरुस्तीला काढली. 'दोन वर्षे बंद' अशी पाटी लागली आणि मला गुंडाळून, कागदात बांधून गावाबाहेरच्या तंबाखूच्या जुन्या गोदामात नेले.

रोसांदा तिथेही आली. फाटकापाशी तिचा आवाज मी ओळखला.

"पाचच मिनिटं बघू द्या हो."

"आजी, अजून सामानाची यादीच झाली नाही," गोदामाच्या अधिकारी दुब्रावकाबाई म्हणाल्या. "अर्ज करून ठेवा."

तिने अर्ज केला. दर वसंतात नवा केला. दोन वर्षांची नऊ झाली.

दहाव्या वर्षी परवानगी मिळाली. निवृत्त झालेला ल्युबिसाव तिचा हात धरून तिला घेऊन आला. तिची नजर गेली होती.

मला टेबलावर उलगडले. दुब्रावकाबाईंनी तिला हातमोजे घातले.

"हे घालून मला काय कळणार गं पोरी?"

बाई जराशा घुटमळल्या, मग त्यांनीच ते काढले. रोसांदाची बोटे माझ्या काठावरून सावकाश आत सरकली आणि मधोमध आरपार गेली. मला कसर लागली होती.

"हे काय? ल्युबिसाव, भोक आहे का रे?"

"आहे," तो म्हणाला. "मोठं आहे."

"सुई-दोरा द्या मला. दिसत नसलं तरी हाताला येतं."

"आजी, ते तज्ज्ञांचं काम... नियम आहे," दुब्रावकाबाई म्हणाल्या.

रोसांदाने हुज्जत घातली नाही. तिने त्या भोकाच्या कडेवर तळहात ठेवला.

"किती गार पडलीयेस गं," एवढेच म्हणाली.

ती पुन्हा आली नाही. डिसेंबरात ती गेल्याचे ल्युबिसाव फाटकाशी सांगत होता. संग्रहालय अजून उघडलेले नाही.

मित्रांनो, छपरे जरूर दुरुस्त करा. आमच्यासाठी नवी दालने बांधा. पण तोवर एखादी खोली तरी उघडी ठेवा. आम्ही वस्तू शंभर वर्षे वाट पाहू शकतो. आम्हाला भेटायला येणाऱ्यांपाशी तेवढी वर्षे नसतात.