आत काय पडलं?

दुपारची वेळ. मुख्याध्यापिकाबाई नव्या कोटाची फिटिंग बघायला आल्या होत्या. शिवणकाम करणारी बाई गुडघ्यांवर बसून खालची घडी टाचत होती. तेवढ्यात आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला.

तिनं लगेच ओळखलं, नवऱ्याला फिट आली होती. एरवी असा आवाज होताच ती मशीन धाकट्या जावेच्या हाती सोपवून आत पळायची, जाऊ आवाज झाकायला ते भरधाव चालवायची, आणि शेजारी कुणाला काही कळायचं नाही. आज जाऊ बाहेर गेलेली आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं!

"आत काय पडलं हो?"

"मांजर हो! मेलं सारखं डब्यांवर उड्या मारतं." घरात मांजर कुठलं आलंय!

पण खरं सांगणार कसं? आधीच्या घरी कळलं, तेव्हा गिऱ्हाइकं पटापट तुटली. तिच्या हातचं कापड अंगाला नको म्हणे! "हिनंच छळून त्याला असं केलंय," हेही वर ऐकवलं. अहो, फेफरं म्हणजे मेंदूचा आजार, तो काय सुईदोऱ्यातून पसरतो? पण ऐकून घ्यायला कुणाला सवड आहे?

आतून घरघर ऐकू येऊ लागली. तो उताणा पडला असेल तर? कुशीवर वळवायला हवं, डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची नजर आतल्या दाराकडे गेली, टाचणी बाईंच्या पोटरीत घुसली.

"आई गं! लक्ष कुठंय तुमचं?"

घरघर थांबली. एकदम सगळं शांत झालं. मग मात्र तिला राहवेना.

"माझा नवरा आहे आत. त्यांना फिट येते," म्हणत ती धावली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिनं त्याला कुशीवर लोटलं, तोंड पुसलं. "श्वास घ्या ना हो! अहो, माझ्यासाठी तरी!"

बऱ्याच वेळानं त्याची छाती हलली. ती ओक्साबोक्शी रडू लागली.

मुख्याध्यापिकाबाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "आधी सांगायचं होतंत. आमची मुलाबाळांत ऊठबस असते. कोट राहू द्या."

"राहू द्या," ती आतूनच म्हणाली. "पण जाताना दार लावू नका, बाई. गल्लीला कळायचं ते कळू दे. यापुढे मी यांना लपवणार नाही."

या वेळी तो वाचला. गेला असता तर आपण सगळे भेटायला गेलो असतो, हळहळलो असतो, आणि जिना उतरता उतरता म्हणालो असतो, "बायको शेजारच्याच खोलीत होती म्हणे. साधं लक्ष देता आलं नाही तिला?"