देवचंदभाऊंच्या गाण्यातला घुमारा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही हसाल हे मला ठाऊक आहे. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना मी रेडिओ वाटेन आणि उरलेल्यांना डबडं. वाटू द्या बापडे. पण जरा माझ्या छातीकडे बघा. तिथे वरखाली सरकणाऱ्या पाच दांड्या आहेत. त्यांना इक्वलायझर म्हणतात. डावीकडची दांडी जाड आवाजाची, उजवीकडची बारीक आवाजाची आणि बाकीच्या मधल्या आवाजांच्या. आज तुम्ही हेच काम इंटरनेटवर एका बोटाने करता आणि जणू आत्ताच शोध लागल्यासारखे एकमेकांना सांगता. आम्ही ते तुमच्या जन्माआधीपासून करत होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते जळगावच्या दुकानाचं काचेचं कपाट आणि त्यापुढे उभे राहिलेले देवचंदभाऊ. ते मूळचे शिंदखेड्याकडचे. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीत कायम झाले, म्हणून मला घ्यायला आले होते. बसमध्ये त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, वर ठेवा की." तर ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "राहू द्या, नवीन शे." शे म्हणजे आहे.

वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये माझे सोन्याचे दिवस गेले. भीमजयंतीला मला गॅलरीत मांडायचे आणि अख्खी वसाहत माझ्या गाण्यांवर नाचायची. शेजारच्या बाया नर्मदाबाईंना म्हणायच्या, "तुमच्या टेपचा आवाज कसा भरल्यासारखा येतो हो." नर्मदाबाई म्हणजे देवचंदभाऊंच्या पत्नी. त्या मला रोज ओल्या फडक्याने पुसत आणि पुसता पुसता माझ्या दांड्या हलवून ठेवत. मग भाऊ त्या पुन्हा जागेवर आणत आणि दोघांची थोडी कुरबूर होई. मला ती कुरबूर आवडायची.

आता त्या वसाहतीतली एक गंमत सांगतो. तिथे वीजकेंद्राची घूं अशी घरघर दिवसरात्र चालते. नवा पाहुणा पहिल्याच दिवशी विचारतो, "हे काय वाजतंय?" आणि वसाहतीतला माणूस उलट त्यालाच विचारतो, "कुठे काय वाजतंय?" इतका तो आवाज तिथल्यांच्या कानात मुरलेला असतो. देवचंदभाऊ मात्र तो ऐकायचे. त्यांचा गळा जाड आणि खोल होता. गायला बसले की ते आधी डोळे मिटून ती घूं ऐकत, तिचा सूर धरत आणि त्यावरच आपलं गाणं बसवत. नर्मदाबाई चिडवत, "पेटी नही, तबला नही, काय गाणं म्हनतस तुम्ही?" भाऊ म्हणत, "हाऊ आपला तंबोरा शे. फुकटना. बठ्ठा लोकेसले पुरस." म्हणजे हा आपला तंबोरा, सगळ्या लोकांना पुरणारा.

त्यांची मुलगी प्रज्ञा लहान होती तेव्हा तिला झोपवायला त्यांनी स्वतः एक गाणं रचलं होतं. एका दुपारी त्यांनी कोरी कॅसेट माझ्यात घातली, लाल बटण दाबलं आणि ते गाणं म्हटलं. शेवटी नर्मदाबाईंचं हसू आहे आणि "झोपनी का ती?" असा हळूच विचारलेला प्रश्न आहे. माझ्या पोटात शेकडो कॅसेट फिरल्या असतील, पण माझी म्हणावी अशी ती एकच.

पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. माझ्या डोक्यावर पापडाचा डबा आला. भाऊ निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही शिंदखेड्याला आलो. तिथेही मला कपाटच मिळालं. तक्रार नाही, प्रत्येकाचा एक काळ असतो. मग एका हिवाळ्यात देवचंदभाऊ गेले. त्या दिवशी मला कुणी खाली काढलं नाही, म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर नर्मदाबाईंनी एकच गोष्ट मागितली. "माले त्यासना आवाज ऐकना शे." मोबाइलमध्ये लग्नकार्यातले व्हिडिओ होते, पण त्यांत भाऊ कुठेतरी मागे उभे राहून हात जोडत होते, बोलत कुठेच नव्हते. आवाज होता तो फक्त माझ्या त्या कॅसेटमध्ये. प्रज्ञा तेव्हा पुण्यात नोकरी करत होती. ती आली आणि मला आणि कॅसेटला घेऊन भुसावळला रतिलालभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. त्यांनी माझा पट्टा बदलला, मला साफ केलं आणि कॅसेटची फीत उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "ताई, फितीवरचा थर झडतोय. एकदा चालेल. दुसऱ्यांदा मला विचारू नका." मग वायर लावून माझ्यातलं गाणं तिच्या लॅपटॉपमध्ये उतरवलं. मी जीव ओतून वाजलो. गाणं संपलं तेव्हा फितीची तपकिरी भुकटी माझ्या पोटात पडलेली होती.

गाणं वाचलं म्हणून प्रज्ञा रडली. मीही रडलो असतो.

भाऊंच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि तिथे ते गाणं लावायचं ठरलं. आदल्या दिवशी प्रज्ञा माझ्या शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली. पुण्यात राहून तिचे कान बदलले होते. आता तिला गाण्यातली ती घूं ऐकू येत होती. "केवढी घरघर आहे ही," ती पुटपुटली. तिने एका वेबसाइटवर फाईल चढवली आणि पडद्यावर दहा दांड्या उभ्या राहिल्या. मला तर नातवंडं भेटल्यासारखं झालं. तिने डावीकडच्या दांड्या पार तळाला ओढल्या. घूं थांबली. एकेक शब्द टाचणी पडल्यासारखा स्पष्ट ऐकू येऊ लागला. ती खूश झाली. तिने नवी फाईल उतरवून घेतली आणि कार्यक्रमात चुकून जुनी लागायला नको म्हणून जुनी कायमची पुसून टाकली. पसारा तिला लहानपणापासून खपत नाही.

मित्रांनो, भाऊंच्या गळ्याचा खालचा भरीव सूर, ज्याला खर्ज म्हणतात, तो त्या घूंवरच बसलेला होता. दोघे एका ताटात जेवणारे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. घूं गेली आणि तिच्याबरोबर भाऊंचा खर्जही गेला. माझी दांडी कितीही खाली ओढली तरी कॅसेटला धक्का लागत नसे. दांडी वर केली की सूर परत येई. इथे मात्र परत यायला मागे काही ठेवलंच नव्हतं. मी हे सगळं पाहत होतो आणि मला तोंड नव्हतं.

विहारात सगळ्यांनी वाहवा केली. नर्मदाबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. लेकीने एवढं मन लावून केलेलं, तिला काय बोलायचं. पुढे कित्येक महिन्यांनी, वैशाख पौर्णिमेला प्रज्ञा घरी आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोर, ते पयलानं गाणं लाव ना."

"हेच तर आहे, आई."

"हाई गोड शे. पन हाऊ तुना बाबाना आवाज नही शे."

प्रज्ञाचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉप उघडून त्या दांड्या पार वर नेल्या. नुसता गोंगाट वाढला. पाण्यातून काढून टाकलेलं मीठ पुन्हा ढवळून थोडंच येतं. तिने सगळीकडे जुनी फाईल शोधली, रतिलालभाईंना फोन केला, शेवटी कॅसेट माझ्यात घालून पाहिली. माझ्यातून नुसती सरसर आली. मग ती आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खूप रडली. "मी बाबांना पुसलं गं," एवढंच म्हणत राहिली. नर्मदाबाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय. तू चांगलं कराले गयथी."

मुलांनो, आवाज जरूर साफ करा. दांड्या हव्या तशा हलवा, त्यासाठीच त्या असतात. पण मूळ आहे तसं जपून ठेवा, त्याला हात लावू नका. आणि एखाद्या आवाजातली खरखर काढण्याआधी त्या आवाजाजवळ राहिलेल्या माणसाला एकदा विचारा, यातलं काय काढू. एवढं माझं ऐका.

नर्मदाबाई रोज संध्याकाळी मोबाइलवर ते साफ केलेलं गाणं लावतात. दुसरं आहेच काय लावायला. परवा गाणं संपल्यावर फोनवर त्या प्रज्ञाला म्हणाल्या, "आते माले बी हाऊच त्यासना आवाज वाटस." देवचंदभाऊंचा खरा आवाज आठवणारा आता या घरात मी एकटाच उरलो आहे, आणि मला कॅसेटशिवाय बोलता येत नाही.