तारेवरचा नवा धागा

भाऊजी खांबावर आणि मी खाली, ही आमची कामाची वाटणी. ते माझ्या ताईचे नवरे आणि वायरमन म्हणून माझे वरिष्ठ, त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. सामान वर पाठवायचं आणि कटकट्याकडे कान ठेवायचा, हे माझं काम. कटकट्या म्हणजे गाडीतलं यंत्र. ड्रोन जवळ आलं की किरकिरतं. ते गप्प असलं की आम्ही निवांत.

निवांत होतो, म्हणायला हवं. पूर्वीची ड्रोन रेडिओवर चालायची, त्यांचा सिग्नल दाबता यायचा. आता धाग्याची आलीत. मागे केसाएवढा काचेचा धागा सोडत जातात. शत्रूच्या बाजूला कुठल्याशा तळघरात बसलेल्या माणसाला त्याच धाग्यातून रस्ता दिसतो आणि त्यातूनच तो ड्रोन वळवतो. सिग्नलच नाही, तर दाबणार काय? कटकट्याला पत्ताही लागत नाही. जुन्या स्कूटरपेक्षा कमी पैशांत माणूस मारायची सोय! ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याचं वाटोळं होवो.

हे धागे तारांवर अडकून राहतात. म्हणून खांबावर चढण्याआधी ते झाडून काढायचे, हा आमचा नवा नियम. त्या दिवशीही मी काठीने तार स्वच्छ केली, मग भाऊजी चढले. गाडीचं इंजिन चालूच होतं. थोड्या वेळाने त्यांना स्क्रू द्यायला मान वर केली, तर तारेवर काहीतरी चमकलं.

धागा होता. शेतातून येऊन, तार ओलांडून, रस्त्याकडेच्या झुडपांवरून वळणाकडे गेलेला.

तार तर मी आत्ताच झाडली होती. इंजिनच्या घरघरीत आमच्या डोक्यावरून ड्रोन गेलं होतं आणि कटकट्या गप्प होता. आम्हाला सोडून ते पुढे गेलं, म्हणजे वळणावर रस्त्यात बसून वाट बघत असणार. ही ड्रोन तेच करतात. आणि त्याच रस्त्याने ताई सायकलवरून आमचा डबा घेऊन येत होती. फोन लावावा, तर सिग्नल दाबणाऱ्या यंत्रांनी आमचे फोनही मारून टाकलेले.

मी खिशातली पक्कड काढून झुडपावरचा धागा तिच्या दातांत धरला. आणि विचारलं. वरच्याने ‘तोड’ म्हटल्याशिवाय खालच्याने काही तोडायचं नाही, हे इतकं अंगवळणी पडलेलं.

“भाऊजी, तोडू?”

“थांब! आपल्या सैन्यातल्या पोरांचा असला तर?”

तेही खरंच. आपलीही पोरं असेच धागे सोडतात.

“अहो, ताई यायची वेळ झालीय!”

ते खांबावरूनच मान ताणून वळणाकडे बघू लागले. आणि मी गाढव, पक्कड दाबायची सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. तेवढ्यात वळणापलीकडे घूं घूं सुरू झालं.

“तोड! तोड रे!”

मी पक्कड दाबली. धागा तुटल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. मग वळणामागे स्फोट झाला आणि गाडीच्या काचा थरथरल्या.

भाऊजी कसे उतरले देव जाणे. आम्ही दोघे पळत सुटलो. मी पळता पळता ताईलाच शिव्या घालत होतो, डबा आणायला कुणी सांगितलं होतं म्हणून. उशीर झाला की रोज मीच तिच्यावर खेकसायचो.

वळण ओलांडलं आणि ती दिसली. सायकल नव्हती. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालत येत होती. मागे शेतात धूर होता.

“रस्त्यातच बसलं होतं,” ती म्हणाली. “मला बघून उठलं, अंगावर आलं रे. मग एकदम वेडंवाकडं झालं, डोक्यावरून गेलं आणि शेतात पडलं.”

भाऊजी तिचे हातपाय चाचपून बघू लागले.

मला तिच्या केसांत तो धागा दिसला. खांद्यावरून खाली येऊन मागे रस्त्यावर लोळत होता. इतक्या जवळून गेलं होतं. मी आणखी जरा विचारत उभा राहिलो असतो तर? पक्कड अजून हातातच होती. मी तोंड उघडलं आणि सवयीने तेच बाहेर पडलं.

“ताई, तोडू?”

“विचारतोस काय?” म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “तोड की!”