मेणात झोपलेली गाठ

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. चणीने काडेपेटीच्या निम्मा, पण मित्रांनो, माझ्या पोटात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मेंदूलगतच्या गाठीचा तुकडा होता. नऊ वर्षांपूर्वी ती गाठ शस्त्रक्रिया करून काढली आणि तपासणीसाठी तिचा तुकडा मेणात बसवला. निदानापुरते पातळ काप काढून झाले आणि मला प्रयोगशाळेच्या खणात ठेवले गेले. मेणात स्वप्ने फार पडतात. खण उघडायचा, हात यायचा आणि शेजाऱ्याला उचलून न्यायचा. खरे सांगतो, मला कुणी नेत नाही याचे वाईट वाटायचे.

एके सकाळी तो हात माझ्यावर थांबला. बाईंची गाठ पुन्हा वाढली होती आणि डोळ्याच्या नसेला टेकली होती. पुन्हा शस्त्रक्रिया केली, तर दृष्टी जाण्याची भीती होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना माझ्यात संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे, ग्राही शोधायचे होते. ग्राही म्हणजे पेशीचे कान. रक्तातून संप्रेरकाचा सांगावा आला की ते ऐकतात, आणि कधी कधी गाठ वाढू लागते.

"तुकडा जेमतेम उरलाय, एकच काप निघेल हं," तंत्रज्ञ मावशी म्हणाल्या. "तो चुकला, की संपलंच."

त्यांनी श्वास रोखून पाते फिरवले. कोमट पाण्यावर काप अलगद उलगडला आणि मला वाटले, मीच तरंगतो आहे. मग त्यांनी तो काचपट्टीवर घेऊन, ग्राही असतील तिथेच तपकिरी होणाऱ्या रंगाने रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके तपकिरी दिसली. ग्राही भरपूर होते!

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच त्या बाईंना फोन लावला. "तुम्ही हार्मोनचं काही औषध घेता का?"

"छे हो! मी कसलंच औषध घेत नाही."

मागून मुलीचा आवाज आला, "आई, आणि ती पाळीची गोळी?"

"अगं, ते काय औषध आहे? बारा वर्षं घेतेय."

इतक्या वर्षांत बाईंना हे नेमके कुणी विचारलेच नव्हते.

"त्या गोळीत हार्मोनच असतं. ती बंद करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्याच गाठी यानं ऐकत नाहीत. पण वाट बघू."

दर पंधरवड्याला डोळे तपासत सगळ्यांनी वाट पाहिली. सहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठ नसेपासून थोडी मागे सरलेली दिसली. मावशी तर चक्क रडल्या.

आता माझ्यात नुसते मेण उरले आहे, तरी मी खूश आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या ठोकळ्यांना जपा. आणि आज घरी गेल्यावर आईला विचारा, ती रोज कुठली गोळी घेते आणि डॉक्टरांना ते माहीत आहे का. "काही नाही रे," असे ती म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.